ज्वारीच्या मुलखातील गव्हाचा विकार

आम्ही वैद्यकाचे शिक्षण घेत होतो त्या काळी सीलिॲक या विकाराचे प्रकरण मराठवाड्यातील विद्यार्थी परीक्षेपुरते वाचीत आणि परीक्षा संपताच विसरून जात. कारण गव्हातील ग्लुटेन नामक प्रथिनामुळे उद्भवणारा हा रोग पंजाब, हरियाणा, दिल्ली अशा पोळी-पराठ्यावर पोसलेल्या प्रांतांचा असून, सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर खाणाऱ्या जालना, परभणी, बीड या मुलखाशी त्याचा सुतराम संबंध नाही, अशी समजूत सर्वत्र दृढ होती. ही समजूत अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. उत्तर हिंदुस्थानातील बालकांमध्ये हा विकार आढळतो हे १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर अर्धशतकाने, २०१६ मध्ये, देशाच्या तीन भागांतील प्रौढांची जी विस्तृत पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यातही उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के असे प्रमाण आढळले. परंतु त्याच पाहणीतील दुसरी एक गोष्ट मला या आकड्यांहून अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. या विकारास अनुकूल अशी जी आनुवंशिक घडण असावी लागते, ती तिन्ही भागांतील लोकांत जवळजवळ सारखीच होती; तफावत होती ती ताटातील गव्हाची, म्हणजे उत्तरेत दररोज माणशी सुमारे साडेचारशे ग्रॅम आणि दक्षिणेत जेमतेम पंचवीस. याचा सरळ अर्थ असा, की ज्या मुलखात गहू नव्याने पोहोचेल, त्या मुलखात हा विकारही आपल्या पावलांनी चालत येईल.

आणि आमच्या जिल्ह्यात गहू पोहोचला, यात आता कोणास शंका असण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे परदेशातून आलेल्या लाल मिलोबद्दल आणि खडी फोडण्याच्या कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीबद्दल आजही बोलतात. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून गहू येत राहिला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो दोन रुपये किलो झाला आणि जानेवारी २०२३ पासून तर विनामूल्य मिळू लागला. उलटपक्षी, ज्या काळ्या जमिनीत शाळू डोलत असे तेथे कपाशी आणि सोयाबीन उभे राहिले, आणि बाजारात ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला. पूर्वी पोळी ही सणावाराची, पाहुण्यारावळ्यांची; आज कित्येक घरांत ती रोजची झाली आहे आणि भाकर ही हौसेची. शिवाय जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेली उत्तर प्रदेश आणि बिहारकडची कुटुंबे आता येथे स्थायिक झाली आहेत. तेव्हा या विकाराची बालके माझ्या दवाखान्यात दिसू लागली, याचे मला नवल वाटले नाही. चिंता वाटली ती ही, की ती बालके ज्या नोंदवह्यांत बंदिस्त होती त्या नोंदवह्यांवर निराळेच नाव होते. ते नाव कुपोषण.

विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या तंतूंप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात आणि पचलेले अन्न रक्तात शोषून घेण्याचे कार्य ते करतात. ज्यांच्यात ती आनुवंशिक घडण आहे अशांपैकी काहींच्या शरीरात, गहू किंवा जव यांतील ग्लुटेनचे अर्धवट पचलेले अंश अस्तरात शिरताच शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ऊतकांवर उलटते आणि हे अंकुर हळूहळू झिजून अस्तर सपाट होते. मग मूल जेवते, परंतु जेवलेले अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपाय काटकुळे होतात, शौच पांढुरके, तेलकट आणि उग्र दर्पाचे होते, रक्त कमी पडते, लोहाची औषधे देऊनही ते वाढत नाही, उंची खुंटते आणि मूल अखंड किरकिरे होते. काही मुलांत यांपैकी एकच लक्षण असते, आणि ते बहुधा उंचीचे किंवा रक्ताचे. आता अशा मुलाचा दंडघेर अंगणवाडीत पट्टीने मोजला, तर तो तांबड्या भागात येणार हे उघड आहे; आणि तो तांबड्या भागात आला म्हणजे त्या बालकास अधिक आहार दिला जाणार, हेही तितकेच उघड आहे. तो आहार म्हणजे कधी शिऱ्याचे वा सुकडीचे पाकीट, तर कधी कोरडा गहू. बालमृत्यू आणि कुपोषण यांविरुद्ध मराठवाड्यात जे काम उभे राहिले, ज्यातून २००५ साली राज्याचे पोषण मिशन जन्मास आले, त्याविषयी मला अतीव आदर आहे. हजारो लेकरे त्या कामाने वाचली. परंतु शंभर बालकांस जीवन देणारा घास एखाद्या बालकास विष ठरत असेल, तर त्या एका बालकास ओळखून काढण्याची सोय त्याच व्यवस्थेत असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

घनसावंगी तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबाची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या आईने अंगणवाडीचे वजनाचे कार्ड आणि आमच्याकडचे जुने कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. पोटावर बिब्ब्याचे चट्टे होते, गळ्यात दृष्ट काढल्याचा काळा दोरा होता, जंतांची औषधे होऊन गेली होती. मी कार्ड उलगडून वजनाची रेषा पाहू लागलो आणि तिच्यातील एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. दसऱ्यानंतर टोळी कारखान्याकडे निघताना घेतलेले वजन आणि कारखान्याचा पट्टा पडून कुटुंब गावी परतल्यावर, पाडव्याच्या आगेमागे घेतलेले वजन, यांच्यामध्ये रेषा चढत होती. आणि गावातल्या मुक्कामात, पावसाळाभर, ती उतरत होती. दोन्ही वर्षी तेच. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, थंडीवाऱ्यात, ना अंगणवाडी ना दवाखाना अशा अवस्थेत मूल खालावणार आणि घरी स्थिरावल्यावर सुधारणार, हा आमचा सर्वांचा अनुभव. येथे तो उलटा झाला होता. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “साहेब, कारखान्यावर लेकरू बरं राहतंय, घरी आलं की पुन्हा वाळतंय. मी तर म्हणते आमच्या गावचं पाणीच तिला सोसंना झालंय.” कोपीवर काय खाता, असे विचारता उत्तर आले की घरून नेलेली बाजरी आणि ज्वारी, पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आणि त्याच दिवसभर. आणि गावी? गावी रेशनचा गहू, आणि लेकरासाठी अंगणवाडीचा शिरा. त्या माउलीचे निरीक्षण अचूक होते, केवळ कारण तिने पाण्यात शोधले होते.

हे ऐकताना मला हॉलंडची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातील त्या देशात भीषण उपासमार चालू असता, हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयातील डॉ. विलेम कारेल डिके यांच्या देखरेखीखालील सीलिॲकची बालके, पाव मिळेनासा झाल्यावर, इतरांप्रमाणे खंगण्याऐवजी सुधारू लागली, आणि युद्ध संपून पाव परत येताच पुन्हा ढासळली. गव्हाविषयीचा संशय डिके यांच्या मनात युद्धापूर्वीपासून होता. परंतु संशय हा पुरावा नव्हे, हे ते जाणून होते. तो पुरावा त्यांनी कसा मिळवला, हा भाग आमच्या पाठ्यपुस्तकांत फार संक्षेपाने येतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. व्हॅन डी कामर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजण्याची एक जलद आणि विश्वसनीय रीत बसवली, जी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. या रीतीने मोजता असे दिसले की आहारात गहू घातला की विष्ठेतील स्निग्धांश वाढतो आणि काढला की घटतो. १९५० साली डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधामागे हीच मोजमापे उभी होती. म्हणजे या विकाराचे कारण सिद्ध झाले ते मुलाच्या अंगास सुईदेखील न लावता, त्याच्या दुपट्यातील मळाच्या परीक्षणाने. पुढे १९५७ च्या सुमारास तोंडावाटे नळी घालून आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढण्याची सोय झाली, सूक्ष्मदर्शकाखाली सपाट झालेले अस्तर प्रत्यक्ष दिसू लागले, आणि त्यानंतर कित्येक दशके तो तुकडा हाच अंतिम साक्षीदार मानला गेला. आज जगभर रक्त, मूत्र आणि विष्ठा यांतील खुणांवरून हा विकार ओळखण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांकडे मी काही अभूतपूर्व शोध म्हणून पाहत नाही. व्हॅन डी कामर यांनी सोडलेल्या वाटेवर शास्त्र पुन्हा येऊन उभे राहिले आहे, एवढेच.

तो तुकडा काढणे आमच्या लोकांना किती दुर्घट पडते, हे शहरातील व्यावसायिकांच्या सहज लक्षात येत नाही. लहान मुलास भूल देऊन दुर्बीण टाकायची तर संभाजीनगर गाठले पाहिजे, तेथे मुलांच्या मापाची दुर्बीण आणि ती हाताळणारा तज्ज्ञ दोन्ही एके दिवशी भेटले पाहिजेत, दोघांचा रोज बुडतो, मुकादमाची उचल अंगावर असते, आणि ‘भूल’ हा शब्द ऐकताच घरातील आजी पदर डोळ्यांना लावून “लेकरू हाय तसं राहू द्या” म्हणते. मी कित्येक कुटुंबांना चिठ्ठी लिहून दिली आणि त्यांतील बरीच माणसे त्या चिठ्ठीसह आपल्या गावी परतली. म्हणून रक्ताच्या एका नमुन्यावर निदान होऊ शकते ही गोष्ट आम्हांस केवळ सोयीची नाही. अनेक मुलांच्या बाबतीत निदान होणे आणि न होणे यांतला तो फरक आहे.

१९९७ साली बर्लिनमधील डीटरिक, शुप्पान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या विकारात शरीर ज्यावर उलटते ते द्रव्य म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर होय. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, जिला आम्ही नुसते ‘टीटीजी’ म्हणतो, ती तेव्हापासून रूढ झाली. २०१२ मध्ये युरोपातील बालजठरांत्र तज्ज्ञांच्या संस्थेने असा दंडक घालून दिला की लक्षणे असलेल्या मुलात या प्रतिपिंडांचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि इतर पुरावा जुळत असेल, तर तुकडा काढण्याची आवश्यकता नाही. २०२० मध्ये हा दंडक अधिक सुटसुटीत झाला, परंतु दुसऱ्या वेळी स्वतंत्रपणे घेतलेल्या रक्तात एंडोमायसियल प्रतिपिंडे सापडलीच पाहिजेत, ही अट कायम राहिली. ही दुसरी चाचणी माकडाच्या अन्ननलिकेच्या किंवा मानवी नाळेच्या पातळ कापावर रुग्णाचा रक्तद्रव सोडून, प्रकाशमान रंगाच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, आणि ती पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते.

या साऱ्यावरून कोणी असे समजेल, की मुलाचा त्रास वाचला म्हणजे वैद्याचाही वाचला, तर ते खरे नाही. चाचणी मुलाशी जितकी सौम्य, तितकी ती आमच्याशी कठोर असते. तुकडा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा. रक्तातील आकडा मात्र सभोवतालच्या सर्व परिस्थितीसह वाचावा लागतो. टीटीजीची नेहमीची चाचणी आयजीए जातीच्या प्रतिपिंडांची आहे. ज्या मुलात ही जातच जन्मतः नसते, त्याचा आकडा रोग असूनही शून्याजवळ येणार, म्हणून एकूण आयजीएची मोजणी सोबत हवीच. एका प्रयोगशाळेकडून एका मुलाचा अहवाल निर्वाळा देणारा आला होता. एकूण आयजीए स्वतंत्र मागवल्यावर ते जवळजवळ नव्हतेच असे निघाले, आणि मग आयजीजी जातीच्या चाचणीने रोग उघड झाला. दुसरे असे, की निरनिराळ्या संचांच्या मर्यादा निरनिराळ्या असतात, त्यामुळे एका ठिकाणचे दहापट म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे दहापट नव्हे. आणि तिसरी गोष्ट, जी मला दररोज सांगावी लागते: रक्त घेण्यापूर्वी गहू बंद करायचा नाही. गव्हावाचून प्रतिपिंडे ओसरतात आणि आतडे भरून येऊ लागते. ज्याने शहाणपणाने आधीच पोळी तोडली, त्याच्या मुलाचे निदान महिनोन्महिने लांबते, आणि मग बऱ्या होत असलेल्या मुलास पुन्हा गहू खायला घाला असे आईबापांना सांगण्याचा प्रसंग येतो. तो प्रसंग कोणाही वैद्यावर येऊ नये.

त्या ऊसतोड कुटुंबातील मुलीची शीर सापडणे कठीण गेले. माझ्याकडच्या परिचारिकेने गरम पाण्याच्या फडक्याने हात शेकून, सर्वांत बारीक सुईने रक्त काढले, फिरत्या यंत्रात रक्तद्रव वेगळा केला आणि बर्फाच्या पेटीतून तो मुंबईस गेला. आकडा दहापटीच्या पुष्कळ वर होता. दुसऱ्या नमुन्यातील एंडोमायसियल प्रतिपिंडेही ठळक निघाली. संभाजीनगरच्या तज्ज्ञांशी दूरध्वनीवर विचारविनिमय केला, आणि भूल न देता, दुर्बीण न घालता निदान कायम झाले.

येथून पुढची हकीकत आहाराची आहे, आणि ज्वारीच्या मुलखात ती सोपी असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. एका अर्थाने ती सोपी आहेही. मोठ्या शहरात भारी किमतीची पाकिटे विकत घेणाऱ्या आईबापांना जे मिळवावे लागते, ते आमच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या भाजले जात आहे. अडचण येते ती गिरणीत. लहान गावात चक्की एकच. सकाळी तिच्यावर गहू दळला जातो आणि पाठोपाठ ज्वारी पडते, तेव्हा ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळणे अटळ. मुलीच्या आईने बचत गटातील एका बाईकडच्या घरघंटीवर व्यवस्था बसवली: यंत्र झाडून घ्यायचे, पहिले शेर-दोन शेर पीठ गुरांपुढे टाकायचे आणि मगच लेकराचे दळण धरायचे. तरीही तीन-चार महिन्यांनी पोट पुन्हा फुगले. घरातील प्रत्येक डबा मी मागवून पाहिला, आणि कारण निघाले हिंगाच्या डबीत. बाजारातील बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो.

अशा वेळी टीटीजीचा उपयोग मर्यादित पडतो, कारण प्रतिपिंडे सावकाश, कित्येक महिन्यांनी उतरतात. कालपरवा काय पोटात गेले, ते त्यावरून कळत नाही. स्पेनमध्ये विकसित झालेल्या चाचण्यांत ग्लुटेनचे न पचलेले अंश थेट मूत्रात आणि विष्ठेत शोधले जातात. मूत्रात ते काही तासांत उतरतात आणि एक-दोन दिवस सापडतात. आमच्याकडे या चाचण्या अद्याप सहजी मिळत नाहीत, पण चार वर्षांच्या मुलाच्या लघवीच्या बाटलीवरून हिंगाची डबी पकडता येईल, हा विचारच मला उत्साह देतो. आतड्याच्या पेशी फुटल्या की रक्तात आणि तेथून मूत्रात उतरणारे आय-फॅब्प हे प्रथिन, तसेच प्रथम कलिंगडाच्या रसातून वेगळे काढले गेलेले आणि आपल्या शरीरात मुख्यत्वे आतड्याच्या पेशींत तयार होणारे सिट्रुलीन, यांवर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आहे. मात्र या दोन खुणांविषयी आमच्या जिल्ह्यात सावधगिरी बाळगली पाहिजे, असे माझे मत आहे. त्या आतड्याची हानी सांगतात, हानी करणारा कोण ते सांगत नाहीत. आणि जेथे उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागते, तेथे वारंवारच्या अतिसाराने झिजलेली आतडी काही थोडी नाहीत.

माझी आशा त्यांहून साध्या गोष्टीवर आहे. हंगेरीतील एका परगण्यात गावोगावच्या परिचारिकांनी सहा वर्षांच्या २६९० मुलांच्या बोटाच्या थेंबावर, जागेवरच निकाल देणारी प्रतिपिंडाची चाचणी केली. तो अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुले त्या चाचणीला हुकली, परंतु ज्यांना कोणीही ओळखले नव्हते अशी मुले तीतून सापडली, आणि सापडवणाऱ्या तज्ज्ञ नव्हत्या, गावच्या परिचारिका होत्या. आमच्या आशाताई आणि अंगणवाडीताई याहून उण्या नाहीत. प्रत्येक मुलाची अशी तपासणी करा, असे मी म्हणत नाही. पण पोषण पुनर्वसन केंद्रात भरती होऊन, पोटभर खाऊनही ज्याचे वजन वाढत नाही, अशा प्रत्येक बालकाचे टीटीजी आणि एकूण आयजीए मोजले जावे, आणि ज्याचे निदान पक्के झाले त्याच्या कार्डावर तशी नोंद होऊन गव्हाच्या जागी तांदूळ वा ज्वारी मिळावी, एवढी मागणी मी तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतच्या बैठकांत मांडत आलो आहे आणि मांडत राहीन.

अशा मुलांच्या सख्ख्या भावंडांत आणि आईबापांत हा विकार शंभरांतील सुमारे सात-आठ जणांस आढळतो, म्हणून त्या मुलीच्या धाकट्या भावाचेही रक्त तपासले. मुलगा अंगाने भरलेला, खेळकर, तक्रार कसलीच नाही. आणि आकडा मर्यादेच्या तिप्पट. बाप विचारू लागला, “हसतं-खेळतं लेकरू हाय, त्याची पोळी काहून तोडायची?” मी त्याला सांगितले की तोडायची नाही. हा आकडा दहापटीच्या नियमात बसत नाही. कधी तो आपोआप उतरतो, कधी चढतो. मुलाने रोज पोळी खात राहावे, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, आणि तेव्हाही आकडा वर राहिला तर मात्र भूल देऊन तुकडा काढण्यास संभाजीनगरला जावेच लागेल, कारण जन्मभराचा आहार मी अपुऱ्या पुराव्यावर लिहून देणार नाही. त्याने हिशेब केला. तीन महिन्यांनी म्हणजे टोळी निघून गेलेली असणार. तेव्हा नमुना दसऱ्यापूर्वीच घेण्याचे ठरले, आणि अंगणवाडीताईने दोन्ही भावंडांच्या कार्डांवर निरनिराळ्या शाईने लिहून घेतले: मुलीस गहू वर्ज्य, मुलास गहू चालू.